शेजाऱ्यांची सीडी

मला त्यांचा हेवा वाटायचा हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी त्यांच्याबद्दल काही वाकडं बोललो तर ते किती मनावर घ्यायचं हे तुम्हाला कळेल. हेवा करावा असं वरवर त्यांच्याकडे काही नव्हतं. लक्ष्मीबाई नगरातल्या सरकारी क्वार्टर्समध्ये ते आमच्या शेजारी एकटेच राहायचे. लग्न केलेलं नव्हतं. एकाच मिनिस्ट्रीत मी सेक्शन ऑफिसर आणि ते असिस्टंट, म्हणजे माझ्याहून एक पायरी खालीच. शर्टाच्या खिशाला शाईचा डाग कायमचा. पण त्यांच्याकडे कान होते. आणि आमच्या ब्लॉकमध्ये कान फक्त आपल्याकडेच आहेत अशी माझी समजूत होती.

समजुतीला कारण होतं. लहानपणी साताऱ्याला मी सहा वर्षं गाणं शिकलो होतो. दिल्लीला बदली झाली तरी सकाळी साडेसहाला तंबोऱ्याची इलेक्ट्रॉनिक पेटी लावून अर्धा तास बसायचो. मंडळाच्या गणपतीत दर वर्षी माझं गाणं असायचं, आणि माझी बारा वर्षांची मुलगी पहिल्या रांगेत मांडी घालून बसायची. "माझे बाबा गातात," असं ती तिच्या पंजाबी मैत्रिणींना सांगायची. दिल्लीत वाढलेली ती पोर, मराठी निम्मीशिम्मी, पण हे एक वाक्य ती मराठीत म्हणून मग हिंदीत समजावून सांगायची. त्या वाक्यावर मी किती जगायचो हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

शेजाऱ्यांचं म्हणाल तर ते ऑफिसात दिवसभर कानांत कापूस घालून बसायचे. सकाळी आले, खुर्ची पुसली, की खिशातून एक लहानशी डबी निघायची. त्यातले दोन बोळे दोन कानांत. संध्याकाळी आमची चार्टर्ड बस घराच्या वळणावर आली की बोळे परत डबीत.

"फायली वाचायला कान कशाला लागतात?" मला एकदा म्हणाले. "उगाच झिजवायचे."

साहेबांनी हाक मारली तर ऐकू जायचं नाही. शिपाई येऊन टेबलावर टकटक करायचा. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मेमो मिळाला असता. पण त्याच साहेबांनी घरी कॉम्प्युटर घेतला तेव्हा स्पीकर निवडायला ह्या गृहस्थांना स्वतःच्या गाडीतून नेहरू प्लेसला नेलं. मी गेटवर उभा राहून ती गाडी जाताना बघितली. मला साहेबांनी गाडीत कधी बसवलं नव्हतं, आणि गाण्यातलं मला कळतं हे त्यांना मीच दोनदा सांगितलं होतं.

ते दिवसच तसे होते. पगार वाढले होते, ज्याला बघावं तो नोएडात नाहीतर द्वारकेत फ्लॅट बुक करत होता, आणि फ्लॅटचा ताबा मिळायच्या आधी घरात कॉम्प्युटर येत होता. मुलांच्या अभ्यासासाठी म्हणून यायचा आणि आठवड्याभरात सगळं घर त्यावर गाणी ऐकत बसायचं. मग कुणीतरी म्हणायचं, आवाज डब्यातून आल्यासारखा येतोय. मग आमच्या शेजाऱ्यांच्या दारावर थाप. बंगाली, मल्याळी, पंजाबी, कुणीही. मुनिरक्यात खोल्या घेऊन राहणारे विद्यार्थीसुद्धा बस बदलून यायचे. ब्लॉकमधले लोक त्यांना कानवाले अंकल म्हणायचे. गंमत म्हणजे त्यांच्या स्वतःच्या घरी ना कॉम्प्युटर होता ना स्पीकर. एक जुना रेडिओ होता, तो लावला की तापायला दोन मिनिटं लागायची, आणि ती दोन मिनिटं ते त्याच्यासमोर हात जोडल्यासारखे बसून राहायचे.

त्यांची पद्धत मला मुलीकडून कळली. तिच्या मैत्रिणीच्या घरचे स्पीकर आणायला ती त्यांच्याबरोबर गेली होती. परत आल्यावर दोन दिवस घरात दुसरा विषय नाही.

"बाबा, काका दुकानात जाऊन आधी पंखा बंद करायला लावतात! दुकानदार म्हणतो, अंकल जी, जून का महीना है. काका म्हणतात, दो मिनट पसीना आ जाएगा तो क्या, दस साल सुनना है."

मग ते स्पीकर हातात उचलून बघतात. हलका असला तर लावूनही बघत नाहीत. बाजूला बोटाच्या पेराने वाजवतात, आपण कलिंगड वाजवतो तसं; प्लास्टिकचं खोकं असेल तर लगेच कळतं. दुकानदार आवाज मोठा करायला गेला की त्याचा हात धरतात. मोठ्याने सगळेच चांगले वाटतात, हळू लावा, असं म्हणतात. आणि मग डोळे मिटून, मान डावीकडे कलती करून ऐकतात.

"काय ऐकतात?" मी विचारलं.

"एक सीडी आहे त्यांची," ती म्हणाली आणि पाणी प्यायला आत गेली.

तेव्हा मला त्यात काही खटकलं नाही. खटकलं ते एवढंच की नंतर रेडिओवर काही चांगलं लागलं की माझी मुलगी डोळे मिटून मान डावीकडे कलती करायला लागली. माझी मान गाणं ऐकताना हलते, ती लकब तिने कधी उचलली नव्हती. बायकोही दर दोन वाक्यांनी "त्यांना विचारा ना" म्हणायची. आमच्याकडे कॉम्प्युटर आला त्या दिवशी तर तिने चहाचं आधण त्यांच्यासाठीही ठेवलं होतं. मी म्हणालो, "घरात गाणारा माणूस असताना स्पीकर निवडायला शेजारी कशाला लागतो?" ती काही बोलली नाही. बायको काही बोलली नाही की मी नक्की चुकतो, पण ते कळायला मला नेहमी उशीर होतो.

खरं सांगायचं तर माझ्या रागाला आणखी एक कारण होतं. ह्या माणसाने कधी कुणाला "वा" म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. मंडळाच्या कार्यक्रमाला ते न चुकता यायचे, टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन पहिल्याच रांगेत बसायचे, आणि सगळा हॉल वा वा करत असताना तोंड मिटून कॅसेट फिरते की नाही ते बघायचे. कार्यक्रम संपला की टेप पिशवीत आणि ते दारात. मी समोर उभा असलो तर म्हणायचे, "आज गर्दी बरी होती." दर वर्षी हेच. सहा वर्षं गाणं शिकलेल्या माणसाला गर्दीचं सर्टिफिकेट!

बाकीचे लोक मात्र माझं कौतुक करायचे. आयएनए मार्केटात भाजी घेताना मंडळातले एक गृहस्थ भेटले, म्हणाले, "काल तुमचा भूप ऐकला हो!" महिना फेब्रुवारीचा. गणपतीत गायलेला भूप ह्यांच्या कानात अजून घुमतोय असं मी समजलो. पुढे असं आणखी दोघांनी म्हटलं, आणि म्हणताना ते थोडे हसायचे. ते हसू मी आदराचं धरून चाललो.

तर स्पीकर मीच आणले. एकटा गेलो, पंखा चालू ठेवून. दुकानात सगळ्यात मोठं खोकं होतं त्याच्यावर सोनेरी अक्षरांत बाराशे वॅट लिहिलेलं. समोर लाल दिवे, गाण्याबरोबर नाचणारे. दुकानदाराने आवाज वाढवला तेव्हा माझ्या छातीत धडधडलं आणि मला वाटलं, याला म्हणतात आवाज.

जिन्यात नेमके तेच भेटले. खोक्याकडे बघितलं, मग मागून लोंबणारी वायर दोन बोटांत धरली.

"तुमच्या घरची इस्त्री किती वॅटची आहे?"

"साडेसातशे असेल. का?"

"तिची वायर बघा आणि ही बघा," ते म्हणाले. "ही परकराच्या नाडीएवढी आहे. बाराशे वॅट ह्यातून जायचे कुठून?"

मी म्हणालो, "प्रत्येकाचा कान वेगळा असतो." ते "बरोबर" म्हणाले आणि खाली उतरून गेले. ह्या "बरोबर"चा मला जेवढा राग आला तेवढा त्यांनी वाद घातला असता तरी आला नसता.

आठवड्याभरात कॉम्प्युटरच्या पडद्याचा डावा कोपरा हिरवा झाला. मग उजवा जांभळा. बायकोने विचारलं, "ह्याला कावीळ झाली का?" मुलीने हळूच सांगितलं की स्पीकरच्या आतल्या लोहचुंबकाने असं होतं, चांगल्या स्पीकरला आतून झाकण असतं, काका म्हणतात. मी स्पीकर लांब सरकवले तर वायर पुरेना. आणि गाणं लावलं की तबला म्हणजे कुणीतरी शेजारच्या खोलीत गादी झोडपतंय असं वाटायचं. शेवटी बायकोने निर्णय दिला, "रविवारी त्यांना घेऊन जा. मुलीलाही न्या."

त्या रविवारी नेहरू प्लेसला आम्ही तिघं गेलो. पहिल्या मजल्यावरचं अरुंद दुकान, दुकानदार त्यांना बघून न सांगताच पंखा बंद करायला उठला. दोन जोड्या पुढे ठेवल्या. त्यांनी पिशवीतून रुमालात गुंडाळलेली सीडी काढली आणि हातात धरून थांबले.

"तुम्ही जरा चहा घेऊन येता का खालून?" मला म्हणाले.

"चहा नंतर घेऊ."

"बाबा, आपण नंतर येऊ ना," मुलगी म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "चलो ना, प्लीज."

मला वाटलं, आपली विद्या दाखवायला हा माणूस लाजतोय. मी स्टुलावर पक्का बसलो. "लावा," म्हणालो.

त्यांनी लावली. तंबोरा सुरू झाला, पेटी मिसळली, आणि मी गायला लागलो.

मीच. मंडळाच्या गणपतीतला माझा भूप. त्या कॅसेटवरून त्यांनी करोल बागेतल्या एका दुकानात सीडी करून घेतली होती, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच कळलं की दिल्लीभर स्पीकर निवडायला हा माणूस माझा आवाज घेऊन हिंडतोय, आणि माझी छाती इतकी फुगली की शर्टाचं बटण ताणलं. पहिल्या जोडीवर मी काय सुंदर वाजत होतो! भरदार, गोल, तुपात घोळल्यासारखा.

"हेच घेऊ," मी म्हणालो.

"हे नाही. हे खोटं बोलतायत," ते म्हणाले, आणि दुसरी जोडी लावायला सांगितली.

दुसऱ्या जोडीवर आधी हॉलमधल्या खुर्च्या सरकल्याचं ऐकू आलं. कुणाची बांगडी वाजली. मग माझा आवाज आला, साधा, थोडा कोरडा, माझ्याच वयाचा. आणि अंतऱ्यात मी गंधारावर गेलो तेव्हा तो गंधार उतरला. कणभरच. पण पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि पायरी नसावी तसं झालं. पुढच्या आवर्तनात तो तिथेच, तेवढाच, पुन्हा उतरला.

दुकानात नवीनच लागलेल्या पोऱ्याने हात पुढे करून गाणं बंद केलं. "अंकल जी, ये वाला तो बेसुरा है. दूसरा पीस लगाऊँ?"

"स्पीकर बेसुरा नहीं है," ते म्हणाले.

बंद पंख्याखाली माझ्या मानेवरून घाम ओघळत होता. मुलगी जमिनीकडे बघत होती, आणि ती आश्चर्याने बघत नव्हती हे माझ्या लक्षात आलं. तिला माहीत होतं. मार्केटातल्या त्या गृहस्थांनाही माहीत होतं. ज्याच्या ज्याच्या घरी त्यांनी स्पीकर निवडून दिले त्या सगळ्यांना माझा गंधार कुठे पडतो ते माहीत होतं, फक्त मला नव्हतं. मी उठलो आणि काही न घेता खाली आलो.

रिक्षात मी मुलीला विचारलं, "मी बेसूर गातो?"

"बेसूर नाही, बाबा," ती म्हणाली. "फक्त तिथे." आणि रडायला लागली.

दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी साडेसहाला तंबोरा लावला नाही. त्या वर्षी गणपतीत गायलो नाही, घसा बसलाय म्हणून सांगितलं, आणि कुणी फार आग्रह केला नाही तेही लक्षात ठेवलं. स्पीकर बदलले नाहीत. तीन वर्षं आमचा पडदा एका कोपऱ्यात हिरवा आणि दुसऱ्या कोपऱ्यात जांभळा राहिला. बायकोला वाटायचं मी त्यांच्यावर चिडलोय. चिडलोच होतो, पण राग गाणं चोरल्याचा नव्हता. माझ्या मुलीला जे ऐकू येत होतं ते ऐकायला तिला त्यांनी शिकवलं, मी नाही, हे मला सहन होत नव्हतं. "माझे बाबा गातात" हे वाक्य तिने नंतर कुणाला सांगितलेलं मी ऐकलं नाही. ते त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं असं मी धरून बसलो.

ते मात्र आठवड्याभरातच दारात आले होते. "सकाळचं बंद झालं," म्हणाले. "तब्येत?"

"बरी आहे," मी म्हणालो आणि दार लावून घेतलं.

रिटायर झाल्यावर त्यांनी नोएडात एका खोलीचा फ्लॅट घेतला. सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा निरोप घ्यायला आले. उभेच राहिले, कानात कापूस नव्हता.

"राग गेला नाही ना अजून?"

"माझीच टेप का?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी विचारलं. "दुनियेत एवढे मोठे गाणारे पडलेत."

"ते कुठल्याही डबड्यावर गोडच लागतात," ते म्हणाले. "ते आपल्याला पाठ असतात ना. स्पीकर कमी पडला तर कान मनानेच भरून काढतो. मला असा माणूस हवा होता जो दर वेळी एकाच जागी, तेवढाच चुकतो. सहा वर्षं भिंतीतून ऐकत होतो. तुमच्याइतका नेमका माणूस मला दिल्लीत मिळाला नाही."

त्यांनी पिशवीतून रुमालात गुंडाळलेली सीडी काढली. मी हात पुढे केला. त्यांनी ती माझ्या हाताच्या बाजूने पुढे नेऊन मुलीच्या हातात दिली. "सांभाळ," म्हणाले, आणि तिला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. माझ्या घरात, माझ्या मुलीला, माझ्याच आवाजाची सीडी देऊन, माझ्यापासून चोरून! टेम्पो गेला तरी मी दारातच उभा होतो.

ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. शोकसभेला मी गेलो होतो, आणि तिथेही कुणीतरी त्यांनी निवडून दिलेल्या स्पीकरवरच भजन लावलं होतं. आवाज उत्तम होता.

परवा मुलीने गुडगावच्या तिच्या फ्लॅटसाठी स्पीकर घ्यायचे ठरवले, कॉम्प्युटरला जोडायचे, चांगले. "बाबा, चला," म्हणाली. मॉलमधलं दुकान, काचा, गालिचा, इस्त्रीच्या शर्टातला सेल्समन. तिने जाताच त्याला एसी बंद करायला सांगितला. तो हसला, पण तिने पुन्हा सांगितल्यावर केला. स्पीकर उचलून बघितले. पेराने वाजवले. मग तिने फोन जोडला, आवाज कमी केला, डोळे मिटले आणि मान डावीकडे कलती केली. मेलेल्या माणसाचा हेवा करू नये, पण मला वाटला.

तंबोरा सुरू झाला. मी उठून बाहेर जाणार होतो. पण गुडघे आता चटकन उठू देत नाहीत.

"कौन गा रहे हैं, मैम?" सेल्समनने विचारलं.

"मेरे बाबा," ती डोळे न उघडता म्हणाली. "माझे बाबा गातात." मराठीत. त्या बिचाऱ्याला काय कळणार.

खुर्च्या सरकल्या, बांगडी वाजली. गंधार आला आणि उतरला, अगदी तिथेच. मी मान खाली घातली. पुढच्या आवर्तनात पुन्हा उतरला. मग मी षड्जावर येऊन थांबलो, आणि त्या थांबण्यात, टेपरेकॉर्डरच्या अगदी जवळून, कुणीतरी श्वासाएवढ्या आवाजात म्हणालं, "वा."

मुलीने डोळे उघडले. "हेच घ्यायचे."

"ते कोण होतं?" मी विचारलं. मला माहीत होतं तरी विचारलं. तो आवाज मी चार्टर्ड बसमध्ये रोज ऐकला होता.

"काका म्हणाले होते, गंधार दुकानदाराला दाखवायला. हे ऐकू आलं तरच स्पीकर घ्यायचा," ती म्हणाली. "फार कमी स्पीकरवर ऐकू येतं, बाबा."

"आणि तू मला इतकी वर्षं सांगितलं नाहीस?"

"तुम्ही ती सीडी कधी लावूच दिली नाहीत."

सेल्समन एसीच्या बटणाकडे निघाला होता. मी त्याला थांबवलं.

"भाईसाहब, एक बार फिर से," मी म्हणालो. "धीरे."